पिवळ्या मुकुटातली आई

व्हाल्डोस्टा, ता. ९ जून

चि. ड्वेन यास,
अ. उ. आ.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. कागद तरी तुला मध्येच कापता येणार नाही.

सहा वर्षं तू टुमणं लावलं होतंस, एकदा येऊन बघा, मी घोड्यावर कसा दिसतो ते. शेवटी शनिवारी चार तास गाडी हाकत आईला तुमच्या त्या महामार्गावरच्या नकली किल्ल्यात, जेवता जेवता सरदारांच्या लुटुपुटीच्या लढाया बघायला, घेऊन आले. आईने चर्चचा निळा झगा घातला होता. टेसाने तर वाटेतच ड्वेनमामाच्या नावाने ओरडायची तालीम करून माझे कान किटवले. तू हिरवा सरदार आहेस, एवढंच कळवलं होतंस. हिरव्या बाजूची तिकिटं संपलेली, म्हणून आम्हाला पिवळ्या बाजूला बसवलं आणि डोक्यांवर पिवळे कागदी मुकुट चढवले. ज्याने त्याने आपल्या रंगाच्या सरदाराचा जयजयकार करायचा, इथवर ठीक. पण हिरवा सरदार म्हणजे खेळातला दगाबाज, अख्खा किल्ला त्याची हुर्यो उडवतो, हे सांगायला तुझी जीभ झडली होती का?

पुढचं तुला कोणी सांगितलं असेल तर खोटं सांगितलं असेल, म्हणून माझ्याकडून ऐक. काटे-चमचे नाहीत, सगळं हाताने खायचं. आईच्या हातात कोंबडीची तंगडी होती. पिवळ्याने तुला घोड्यावरून पाडलं आणि तू वाळूत निपचित पडलास. हजार माणसं बाकांवर नाचायला लागली. आमच्या मागचा लालबुंद तोंडाचा गृहस्थ काहीतरी ओरडला, त्या गदारोळात मला ते कळलं नाही. आई उठली, मागे वळली आणि तिने ती तंगडी त्याच्या टाळक्यात हाणली. उभ्या जन्मात जिने कुत्र्याला हाड म्हटलं नाही, ती आपली आई! त्याचा मुकुट फाटला, टोमॅटोचं सार त्याच्या बायकोच्या मांडीवर सांडलं, आणि दोन भालदारांनी एकाहत्तर वर्षांच्या बाईला दंडाला धरून बाहेर काढलं.

आम्ही तिघी गाडीपाशी तासभर उभ्या होतो. टेसा रडत होती. तू आला नाहीस. तेव्हापासून आई धड बोलत नाही आणि तो पिवळा मुकुट काही फेकू देत नाही. तिला काय वाटलं असेल, याचा एकदा तरी विचार कर.

लोभ आहे, पण सध्या राग त्याच्यावर चढून बसला आहे.

मार्लीस


किसिमी, ता. १६ जून

सौ. मार्लीसताईस,
सा. न. वि. वि.

तासभर मी तबेल्यात मॅनेजरच्या शिव्या खात होतो, म्हणून आलो नाही. पुन्हा माझ्या घरच्यांनी तमाशा केला, तर घोड्यावरून उतरवून ताटं उचलायला लावीन, असं त्याने सगळ्यांदेखत सुनावलं. आता बाकीचे सरदार मला बघून कोंबडीसारखे कॉक-कॉक करतात. तुझ्या पत्राने उरलीसुरली कसर भरून काढली. आभारी आहे.

ताई, हुर्यो ही माझी कमाई आहे गं! दोन वर्षं मी भाले वाहिले. मग पिवळा झालो. पिवळ्याचा चेहरा गाडीपर्यंत पोचेतो लोक विसरलेले असतात. जो सर्वांत चांगला पडतो, त्यालाच हिरवा करतात. धावत्या घोड्यावरून हाड न मोडता पडायला मी तीन वर्षं शिकलोय. हजार माणसं माझ्या नावाने बोंब मारतात, तेव्हा मी काम फत्ते केलेलं असतं. आधी सांगितलं नाही, कारण तुमचे चेहरे बघायचे होते. बघितले ते काय, तर भालदारांच्या मधोमध आईची पाठ.

आणि तिला काय वाटलं असेल, हे तू मला विचारतेस? मला काय वाटायचं, हे कोणी कधी विचारलं? बाबा रोज रात्री जेवणाच्या टेबलावर मला भुईला भार म्हणायचे. रोज. तू ताटात बघायचीस. आणि आई बटाट्यांचं भांडं पुढे करायची, जणू कोणी हवापाण्याबद्दल बोललंय. तेव्हा तिचा हात कधी उठला नाही. आता मी चाळिशीला आलो, पडणं हा माझा धंदा झाला, आणि आता उठली! तेही परक्या माणसावर, माझं काम धोक्यात घालून. हे प्रेम मला नको.

टेसाला गोड पापा. तुम्हा दोघींना काय लिहावं, ते आज सुचत नाही.

ड्वेन


व्हाल्डोस्टा, ता. २२ जून

चि. ड्वेन,
अ. उ. आ.

तुझं पत्र मार्लीसने मला दाखवलं नाही. तिच्या पर्समधून काढून मी वाचलं. तिला सांगितलंस तरी चालेल.

मी इतकी भोळी नाही रे. तो खेळ आहे, हे मला कळत होतं. तू वाळूत पडलास तेव्हा तुझ्या डाव्या पायाचा पंजा हलत होता. लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचास तेव्हाही हलायचा. मला हसू येत होतं. मीसुद्धा चांगली दोनदा हुर्यो केली, शेजारच्या बाईला विचार.

मग मागचा तो माणूस ओरडला. पडून राहा तिथेच, भुईला भार, असं म्हणाला. तेच शब्द. क्षणभर मला वाटलं, मागे तुझे बाबाच बसलेत. आणि तू खाली पडलेला. माझ्या हातात नेहमीसारखं खायचं काहीतरी होतंच. या वेळी ते मी पुढे केलं नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. त्यांना भ्यायचे, म्हणून गप्प बसायचे. पण तू नऊ वर्षांचा होतास, तुला त्याचं काय? ते जाऊन चार वर्षं झाली. आता त्यांच्यावर ओरडायची सोय नाही, म्हणून मी रोज भांडी घासताना स्वतःवर ओरडते. मार्लीसला वाटतं, मी नळाशी बोलते. तू माझ्यावर रागाव, खुशाल रागाव. पण जेवायला बसशील तेव्हा रागावू नकोस, अन्न अंगी लागत नाही.

त्या बाईचा झगा खराब झाला, त्याचं मला वाईट वाटतं. तिच्या नवऱ्याचं अजिबात नाही. तुझ्या मॅनेजरची क्षमा मागणारं पत्र सोबत जोडलं आहे, ते त्याला दे.

ऑगस्टमध्ये मला पुन्हा यायचं आहे. या खेपेला तिकीट हिरव्या बाजूचंच काढ. बाकीच्यांना काय हुर्यो उडवायची ती उडवू दे, ती तुझी कमाई आहे. मी हूं की चूं करणार नाही. पण ते दोन शब्द पुन्हा कोणाच्या तोंडून आले, तर माझा भरवसा नाही. तुझ्या भालदारांना तेवढं आधीच सांगून ठेव.

तुझी,
आई