मुंगी फिरकू न देणारा रंग

तीर्थस्वरूप भाऊसाहेबांस,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक.

विद्यापीठानं मला बौद्धिक संपदा कक्षाचा प्रमुख केलं, हे कळवायचं राहिलंच. (कक्षात मी एकटाच, त्यामुळे प्रमुखपद चुकवणार कसं?) प्राध्यापकांनी घाम गाळून शोध लावायचे आणि बाहेरच्या कंपन्यांनी आयत्या बिळावर नागोबा व्हायचं, तसं होऊ नये म्हणून आधीच पेटंट घ्यायचं, हे माझं काम. पहिलाच शोध आला तो कीटकशास्त्राच्या बाईंचा: झाडपाल्यापासून केलेला भिंतीचा रंग. लावला की खोलीत मुंगी फिरकत नाही.

भर दुपारी बाईंची रंगवलेली खोली तपासायला गेलो. जमिनीवर साखर पसरलेली, पण मुंगी नाही. कोपऱ्यात जाळं होतं, कोळी नव्हता. खिडकीबाहेरचं झाड पलीकडून पाखरांनी गजबजलेलं, अलीकडच्या फांद्या मात्र चिडीचूप. मी "वा बाई!" म्हणालो, तर माझाच आवाज मला परक्याचा वाटला. कुलसचिवांना अर्जाची घाई होती, पण बाई थांबा म्हणत होत्या. आधी मुंग्या गेल्या, मग पाली, मग शिपाई दारातूनच चहा द्यायला लागला आणि आता विद्यार्थीही येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. (हा गुण रंगाचा धरावा की विद्यापीठाचा, यावर नियमांत काही नाही.)

तेवढ्यात रंगाचा एक डबा चोरीला गेला. कुलसचिव लालबुंद. मी एका कंपनीवर संशय घेऊन खरमरीत पत्रही धाडलं. बाई मात्र शांत. "चोर शोधू नका," त्या म्हणाल्या, "कुणाचं घर रिकामं झालंय, तेवढं विचारा." भाऊसाहेब, मी तडक घर गाठलं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

ता. क. डबा कंपनीनं नेलेला नाही. आमच्या स्वयंपाकघरात मुंग्या फार झाल्या होत्या. (चोरी नव्हे, चाचणी.) तुमची बहीण मुलीला घेऊन मावशींकडे राहायला गेली आहे. भांडण नाही. काल कपडे न्यायला आली, पण उंबऱ्याशीच थबकली. पाय उचलेना. मी हाक मारली, तर तिनं माझ्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. तुम्ही थोरले, येऊन समजूत काढा.

पुन्हा ता. क. भिंती खरवडून झाल्या. दमून अंगणात येऊन बसलो, तर शेजाऱ्यांचा कुत्रा उठून गेला. तेव्हा तुम्ही आलात की जवळ बसायचा आग्रह करणार नाही. रस्त्यापलीकडून बोललात तरी ऐकू येईल.