डाव्या कडेची जागा

२८ नोव्हेंबर १९९९, मखमलाबाद

नवं घर, नवी वही. ओझरहून मखमलाबाद म्हणजे काही परदेश नव्हे, पण निरोप देताना मामांनी चेहरा असा केला होता, जणू मला जहाजात बसवताहेत. घर मला आवडलं. स्लॅबचा नवा बंगला, पुढे फरशीचं अंगण आणि अंगण संपलं की लगेच द्राक्षबाग. सासूबाईंनी, म्हणजे वत्सलाबाईंनी, उंबऱ्यावर माझी दृष्ट काढली. मी डावखुरी आहे हे कळल्यावर लगेच दुसऱ्यांदा काढली. म्हणाल्या, डाव्या हाताची सून आमच्या खानदानात आजवर आली नव्हती. मी म्हटलं, आता आली.

नवऱ्याचं नाव किशोर. तोंडाने 'अहो' म्हणते, वहीत तरी नाव लिहू दे. त्यांचं हे दुसरं लग्न, माझं पहिलं. बत्तीस वर्षांच्या मुलीला निवड असते कुठे, असं लोक म्हणतात. मला होती, आणि मी निवडलं ते खरं तर मयूरला. सहा वर्षांचा आहे. तो रांगत होता तेव्हाच त्याची आई गेली. दाखवण्याच्या दिवशी माझ्या ताटातला लाडू न विचारता उचलून खाल्ला, तेव्हाच ठरलं. तो मला काकू म्हणतो. काकू तर काकू. घाई नाही. पण उद्या चुकून 'आई' म्हणाला, तर मी काही कानांत बोटं घालणार नाही.

६ डिसेंबर

आज कपाटावरून बिस्किटांचा मोठा डबा काढला. आत मयूरचे सगळे फोटो. काय ती दशा! एकमेकांना चिकटलेले, कोपरे दुमडलेले, एकावर तर चक्क लोणच्याचं तेल. मामांच्या स्टुडिओत मी दहा वर्षं काढली आहेत, रोल धुण्यापासून अल्बम चिकटवण्यापर्यंत सगळं केलं. मला हे बघवेना. ठरवलं की फेब्रुवारीत मयूरला सात पूर्ण होतील, तोवर त्याचा नीट अल्बम करायचा. मोहिनी वन्संनी बडोद्याहून फोनवर सांगून ठेवलं आहे की एक प्रत त्यांनाही हवी. मुलांचे फोटो डब्यात कुजायला नसतात, चारचौघांनी बघायला असतात.

एक गोष्ट विचित्र वाटली. वाढदिवसाच्या प्रत्येक फोटोची डावी कड कापलेली आहे. कात्रीने, सरळ. मयूर खुर्चीवर, पुढे केक, आणि डाव्या बाजूला फोटोच संपतो. सासूबाईंना विचारलं. म्हणाल्या, फ्रेम लहान होती. अशी एकही फ्रेम मला घरात दिसली नाही.

११ डिसेंबर

डब्याच्या तळाशी निगेटिव्ह सापडल्या! स्टुडिओच्या पाकिटांत, जशाच्या तशा. सासूबाई त्यांना काळ्या पट्ट्या म्हणतात. त्या कशाच्या असतात हेच त्यांना ठाऊक नाही, पण पैसे देऊन आणलेलं काही टाकायचं नाही हा त्यांचा नेम. तो नेम बरा पडला. शहरात रविवार कारंज्यावर मल्हारी म्हणून मामांचा जुना दोस्त आहे, त्याच्या स्टुडिओत सगळं छापायला टाकलं. प्रत्येकी दोन प्रती, पूर्ण फोटो, काही कापायचं नाही असं बजावून आले. सासूबाईंना सांगितलं नाही. अल्बम तयार झाला की त्या चकित होतील.

१८ डिसेंबर

फोटो आले. डाव्या कडेला एक मुलगी आहे.

प्रत्येक वाढदिवसाला तीच. मयूरच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर लाकडी स्टूल, त्यावर ती. पहिल्या वाढदिवसाला अडीच-तीन वर्षांची असेल, मग दरवर्षी थोडी मोठी. अंगात कोणाचे तरी जुने शर्ट. आणि गालावर तीट केवढी! आपण लेकरांना करंगळीने टिकली लावतो. हिच्या गालावर काजळाचा रुपयाएवढा डाग आहे. मयूरचा गाल मात्र कोरा.

मयूर शेजारी येऊन उभा राहिला, फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाला, नवशी. मग विचारलं, काकू, ही कुठे होती इतके दिवस?

मुलगी गोड आहे. मी फोटो चिकटवले आणि दुसऱ्या प्रती बडोद्याला पाठवून दिल्या.

२३ डिसेंबर

सासूबाईंनी अल्बम बघितला. ओरडल्या नाहीत. पदर तोंडाला लावून खाली बसल्या आणि म्हणाल्या, ह्या कडा कुठून काढल्यास? मी जाळल्या होत्या.

संध्याकाळी किशोरच्या खनपटीलाच बसले. ते जमिनीकडे बघत बोलले. पहिल्या वर्षी मयूर सारखा आजारी पडायचा. सासूबाईंनी कुठूनसं ऐकलं की फोटोत लेकराशेजारी दुसरं पोर बसवावं, त्याला मोठी तीट लावावी, म्हणजे बघणाऱ्यांची नजर त्या पोरावर जाते. नंतर तेवढी कड कापून मीठ-मोहऱ्या-मिरच्यांबरोबर निखाऱ्यावर टाकायची. बागेत कामाला पेठकडचं जोडपं यायचं, लहानू आणि अक्काबाई. त्यांची ही एकुलती, नवसाची म्हणून नवशी. एका लाडवावर येऊन बसायची.

गेल्या फेब्रुवारीत दोन्ही मुलांना एकदमच ताप चढला. मयूरला जीपमध्ये घालून शहरात नेलं. लहानू जीपला धरून पळत होता की हिलाही घ्या. सासूबाईंनी घेऊ दिलं नाही. एका गाडीत नेलं तर तिच्यावर गेलेलं परत ह्याच्यावर उलटेल, म्हणाल्या. जीप किशोर चालवत होते.

नवशीने त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्येच जीव सोडला. अक्काबाईने नंतर एकच मागितलं होतं, पोरीचा फोटो. तिच्याकडे एकही नव्हता. सासूबाईंनी सांगितलं की तिचा फोटो कधी काढलाच नाही.

मला ह्या घरातलं पाणीसुद्धा नकोसं झालं आहे. देव्हाऱ्यापुढे घंटा वाजवणारी ही बाई, हिचा घडा कधीतरी भरला पाहिजे. असं मी लिहिते आहे आणि खोडणार नाही.

३ जानेवारी २०००

मोहिनी वन्संचा फोन. फोटो फार आवडले, शोकेसमध्ये लावले. विचारत होत्या, मयूरच्या गळ्यात हात टाकून बसलेली ती मुलगी कोण?

माझ्या अल्बममध्ये तिचे हात मांडीवर आहेत. फोन ठेवला आणि परत बघितलं.

मांडीवर नाहीत.

९ जानेवारी

रोज बघते. स्टूल खुर्चीला चिकटलं आहे. तिच्या गालावरची तीट लहान झाली. मयूरच्या कोऱ्या गालावर काहीतरी धुरकट दिसू लागलं आहे. मल्हारीला दाखवलं तर म्हणाला, केमिकल असेल, कागद खराब. मीही गिऱ्हाइकांना हेच सांगत आले आहे.

मयूरला कालपासून कणकण आहे.

१६ जानेवारी

ताप उतरत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, काही सापडलं नाही. फोटोत आता तिचा गाल स्वच्छ आहे. डाग पूर्ण मयूरच्या गालावर. सासूबाईंनी अल्बम चुलीत घातला. दुपारी मोहिनी वन्संचा फोन, त्यांच्या शोकेसमधल्या फोटोत मयूरचा गाल काळा का दिसतो म्हणून.

सासूबाई म्हणतात, वाढदिवसाला परत कोणीतरी बसवू. बागेत तोडणीला आलेल्या मंगळूची मुलगी आहे चार वर्षांची. मी सांगितलं, त्या लेकराला हात लावलात तर तुमचा हात जागेवर ठेवणार नाही.

२१ जानेवारी

पेठला जाऊन आले. एसटीने, मग पायी. निगेटिव्हवरून तिच्या एकटीचा फोटो मोठा करून घेतला होता. अक्काबाई अंगणात नागली पाखडत होती. फोटो हातात घेतला, खूप वेळ बघितला, पदराने पुसला. मी पाया पडले. सगळं सांगितलं. मयूर मरेल म्हटलं.

ती रडली नाही. म्हणाली, "माझी पोर बी मरंल म्हनून मी सांगितलं व्हतं. कोनी आयकलं नाय."

लहानूने तिला घरात जायला सांगितलं. ती गेली नाही. "तिला तुमी बसवली. उठवायची बी तुमीच. जिनं बसवली तिला बसवा तिच्या जागंवर, मंग उठंल ती."

मी उठले तेव्हा तिने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाय, तू नको बसवू कोनाला. ज्याचं त्यानं बसावं."

हे शेवटचं मला तेव्हा कळलं नाही. कळून घ्यायची इच्छाही नव्हती.

६ फेब्रुवारी

मयूरचा वाढदिवस. ताप अंगात, तरी नवा शर्ट घालून खुर्चीत बसवला. सासूबाईंनी मंगळूच्या मुलीला आणून स्टुलापाशी उभं केलं होतं, हातात काजळाची डबी. मी मुलीला लाडू दिला आणि घरी पिटाळलं. स्टूल रिकामं राहिलं.

मी मयूरच्या कानात सांगितलं, आजीला बोलाव.

तो म्हणाला, आजी, इथे बस ना. त्या पांढऱ्याफटक पडल्या. त्याने हात पुढे केला. नातवाला नाही म्हणणं त्यांना कधी जमलेलं नाही. बसल्या. मी डाव्या हाताने कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

मला भीती वाटली नाही. मला बरं वाटलं.

११ फेब्रुवारी

फोटो आला. कड मी कापली. मीठ, मोहऱ्या, मिरच्या. ज्याला खरी बाधा असते त्याच्या मिरच्यांचा ठसका लागत नाही म्हणतात. मूठभर मिरच्या जळल्या, घरात कोणी खोकलंसुद्धा नाही.

दुपारी सासूबाई देव्हाऱ्यापुढे कोसळल्या. डावं अंग गेलं, वाचाही गेली.

मयूरचा ताप उतरला. भात मागून खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. तोंडावर हात ठेवून खूप हसले. लेकरासाठी लहानूही असाच वेड्यासारखा जीपमागे पळाला असेल.

१५ फेब्रुवारी

मयूर खेळतो आहे. वाढदिवसाच्या नव्या फोटोत त्याचा गाल स्वच्छ आहे. खुर्चीमागे नवशी उभी आहे. उठली एकदाची.

पण गेली का नाही?

१७ फेब्रुवारी

ती मयूरकडे बघत नाही. सरळ समोर बघते. कॅमेऱ्याकडे. म्हणजे कॅमेऱ्यामागे जी होती तिच्याकडे—

जिनं बसवली, तिला बसवा.

सासूबाईंना मी बसवलं.

२० फेब्रुवारी

मयूरच्या गालावर डाग. आता फोटोत नाही, खऱ्या गालावर. साबणाने घासला, तेलाने पुसला. जात नाही. अंग परत तापलं आहे. त्याने कॅमेरा मागितला. किशोर म्हणाले, दे की, पोरगं आजारी आहे.

अंगणात त्याने स्टूल मांडलं. म्हणाला, नवशीने शिकवलंय कसा काढायचा. मग म्हणाला—

आई, इथे बस ना.

आई म्हणाला. पहिल्यांदा.

बसले.

२६ फेब्रुवारी

सगळ्या कात्र्या विहिरीत टाकल्या. किशोर फोटो घेऊन आले. मी कडेला. माझ्या गालावर रुपयाएवढं काळं. पाठीमागे कोणी नाही. गेली ती.

मयूरचा डाग अजून आहे. ताप एकशे तीन.

२७ फेब्रुवारी, सकाळ

मयूर अंगणात बसला आहे. कात्री कुठून आली कोण जाणे, ओली आहे. फोटो मांडीवर. मी पायरीवर. दोन पावलांत हिसकावून घेता येईल. पण त्याचा गाल—

सासूबाई खिडकीतून बघताहेत. अर्धं तोंड हसतं आहे. हसा.

त्याने विचारलं, आई, इथूनच कापायचं ना?

मी हो म्हटलं. सरळ काप, बाळा, म्हटलं—

कापतो आहे. डाग फिका पडतो आहे, दिसतं आहे मला इथून, फिका, अजून फिका— बोटं गार— पेन धरवत ना—