घरपोच मशीन

आई,

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला कधी काही लिहावंसं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. आपली सवय फोनची. तो थांबला तसं बोलणंही थांबलं. आज रविवार आहे, दुपारचे तीन वाजलेत, हॅम्बर्गला नेहमीसारखा पाऊस आहे. नवरा लेकीला पोहायला घेऊन गेलाय आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसलेय. एक फॉर्म आहे. सगळा भरून झालाय, अडलंय ते एका चौकोनाशी. उद्या बाराच्या आत पाठवायचाय. सकाळपासून तीनदा चहा केला, ओटा पुसला, लेकीचे मोजे जोड्या लावून ठेवले, पण त्या चौकोनाशी काही जमेना. आणि कधी नव्हे ते तुझा क्लास आठवतोय.

मी काय काम करते हे तुला माहीतच नाही. तू होतीस तेव्हा मी ड्रेस्डेनला नुसती शिकत होते. आता मी इथल्या एका संस्थेत आहे. दूरच्या एका देशात बायकांना पायावर उभं करायचं, त्यांना कामधंदा, कागदपत्रं, हक्क मिळवून द्यायचे, असं आमचं काम. देशाचं नाव सांगत नाही, सांगून तुला काय कळणार. तिथे सरकारं येतात-जातात, नाक्यावरची बंदूकवाली माणसं मात्र तीच असतात. तिथे आमच्या मदतीने एक बाई शिवणकामाची खोली चालवायच्या. तुझ्याच वयाच्या म्हण, म्हणजे तू असतीस तर. मी त्यांना मॅडम म्हणते. चाळीस बायका, दहा मशीनं, पाळीपाळीने शिवायचं. आणि मी, चाळीसगावच्या शिवणक्लासवालीची मुलगी, इथे उबेत बसून त्यांचे अहवाल लिहिते.

तुझा क्लास म्हणजे नगरपालिकेच्या शाळेमागच्या दोन खोल्या. आठ पायमशीनं, त्यातलं एक कायम रुसलेलं. मी शाळा सुटली की कटिंगच्या टेबलाखाली चिंध्या गोळा करत बसायची. तुझा एक नियम होता, आल्या आल्या कुणी मशीनला हात लावायचा नाही. पहिली पंधरा मिनिटं नुसतं बोलायचं. ‘आधी तोंडं चालवा गं, मग पाय,’ असं तू म्हणायचीस आणि सगळ्या हसायच्या. मला वाटायचं, काय हा टाइमपास! क्लास ज्यांचा होता त्या महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनाही तेच वाटायचं. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर सुनावलं, ‘इथे शिवायला येता की गप्पा हाणायला?’ तू म्हणालीस, ‘दोन्हीला.’ एकदा त्या पंधरा मिनिटांत एकजण म्हणाली, दिराने कसलासा कागद आणलाय, उद्या अंगठा द्यायचाय. तू कात्री खाली ठेवलीस. ‘कसला कागद? इकडे घेऊन ये आधी.’ तिने आणला. नवरा गेल्यावर तिच्या वाट्याला आलेली जमीन दिराच्या नावावर करायचा कागद होता तो. तिने अंगठा दिला नाही. दीर क्लासच्या दारात येऊन शिव्या घालून गेला, तू आतून कडी लावलीस आणि परकर बेतायला घेतलास. मी टेबलाखालून बघत होते.

मग मशीन घरी आलं. मी आठ वर्षांची. बाबांनी हातगाडीवरून आणलं, नवं कोरं, खोक्यासकट. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘नशीब काढलंस गं!’ तू मशीनकडे बघितलंस, बाबांकडे बघितलंस. बाबा म्हणाले, ‘आता उन्हातान्हात कशाला जायचं? घरीच शीव की निवांत.’ तू एरवी बाबांसमोर आवाज चढवत नसायचीस. त्या दिवशी चढवलास. ‘अहो, कुणी सांगितलं होतं तुम्हाला? मला कोंडून घालायला हे आणलंत होय?’ बाबा खोक्याच्या पुठ्ठ्याची घडी घालत बसले, एवढ्याशा पुठ्ठ्याच्या किती घड्या. महिन्याभरात घरातल्यांचं सुरू झालं, मशीन घरात असताना बाहेर काय काम आहे. तू आठवड्यातून दोनदा जायला लागलीस, मग एकदा, मग गेलीच नाहीस. क्लास वर्षभरात बंद पडला. तू खिडकीशी बसून लोकांचे ब्लाउज शिवायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला हाक मारायचीस. बहुतेक जणी घाईत असायच्या.

हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आई. तरी बघ मी काय केलं.

दोन वर्षांपूर्वी तिथले रस्ते बिघडले, नाके वाढले. इथे मीटिंग बसली, बायकांना खोलीपर्यंत येणं धोक्याचं आहे, काय करायचं? आणि मी तोंड उघडलं, ‘मशीनं घरपोच देऊ या. बायका घरी सुरक्षित राहतील, काम चालू राहील.’ आमची शेफिन, म्हणजे माझी बॉस, टेबलावर हात मारून म्हणाली, ‘गेनाऊ!’, म्हणजे अगदी बरोबर. मला इतकं छान वाटलं म्हणून सांगू! मॅडमनी लांबलचक मेल लिहिली होती, असं करू नका, बायका स्वतःच्या वाटा शोधतायत, जोडीजोडीने येतायत, खोली ठेवा. मी दोन ओळींत उत्तर दिलं. सुरक्षेच्या कारणास्तव. चाळीस नवी मशीनं चाळीस घरांत गेली. फोटो आले, प्रत्येक फोटोत मशीनशेजारी नवरा उभा.

गेल्या आठवड्यात मॅडमचा व्हिडिओ कॉल होता. खोली रिकामी, भिंतीवर मापांचा तक्ता तेवढा. त्या म्हणाल्या, ‘शिवण शिकायला म्हणून त्या घराबाहेर पडायच्या. जाता जाता दवाखाना करायच्या, ओळखपत्राच्या कचेरीत जायच्या. आता पुरुष म्हणतात, मशीन घरात आहे, बाहेर काय काम.’ अगं, शब्द न् शब्द तोच! मला खुर्चीत बसवेना. मग त्यांनी एका मुलीच्या घरी जाऊन फोन तिच्यासमोर धरला. विशीतली असेल. मी विचारलं, मशीन कसं चाललंय? ती म्हणाली, छान. मग मॅडमकडे वळून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं. मॅडमनी मला सांगितलं, दोन गल्ल्या पलीकडच्या मैत्रिणीला बाळ झालं का, ते विचारतेय. चार महिन्यांचं झालंय ते बाळ.

तर हा फॉर्म, या कामाच्या आढाव्याचा. काय चुकलं ते मी खरं खरं लिहिलंय, खोली परत सुरू करा असंही लिहिलंय. पण शेवटी एक चौकोन आहे, घरपोच मशीनांची सूचना कुणाची? दोनच पर्याय, आमचं ऑफिस किंवा स्थानिक संस्था, म्हणजे मॅडमची. रिकामा सोडला की लाल होतो. शुक्रवारी कॉफी घेताना शेफिन सहज म्हणाली, ‘स्थानिक संस्थेची चूक असेल तर पुढच्या टप्प्यासाठी दुसरी संस्था बघू. आपली असेल तर मग ज्याची सूचना त्याच्या कॉन्ट्रॅक्टचा विचार करावा लागेल.’ सूचना माझी होती हे ती विसरलीय. माझं कॉन्ट्रॅक्ट मार्चपर्यंत आहे. आणि घरी हा म्हणतो, ‘एवढा ताण कशाला घेतेस? सोड ना. घरून काहीतरी छोटं बघ, लेकीलाही तू मिळशील.’ वाईट नाही गं तो. बाबा तरी कुठे वाईट होते? पण तो असं म्हणाला की मला हातगाडीवरचं ते खोकं दिसतं. या घरात सगळं आहे, डिशवॉशर आहे, बाल्कनी आहे, आणि दिवसभर हाक मारायला खिडकीखालून एक ओळखीचं माणूस जात नाही. काल मी ‘स्थानिक संस्था’ निवडलं. मॅडमना दुसरी संस्था नेमल्याचं कळेल, पण ती का नेमली ते कधीच कळणार नाही. त्यांची खोली मात्र जाईल ती कायमची.

हे पत्र जाणार कुठेच नाही, तेव्हा तेही सांगून टाकते. तू जन्मभर बाबांवर ते मशीन धरून बसलीस. ते शेवटच्या आजारात असतानाही एकदा बोलून गेलीस, ‘यांनी मला घरात बसवलं.’ मी औषधाच्या गोळ्या मोजत तिथेच उभी होते. आई, स्कूटरवर बाबांच्या मागे बसून मीच त्यांना म्हटलं होतं, आईचे पाय किती सुजतात, तिला घरीच मशीन आणा ना. पाय सुजायचे हे खरं. पण मला शाळेतून आल्यावर तू घरी हवी होतीस, एवढंच होतं ते. तू विचारलंस ‘कुणी सांगितलं होतं,’ तेव्हा बाबांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुठ्ठ्याची घडी घालायला लागले. माझं नाव त्यांनी तेव्हा घेतलं नाही, नंतरही कधी घेतलं नाही, आणि मीही त्यांना ते एकट्याला निस्तरू दिलं.

जिन्यावर लेकीचा आवाज येतोय, बापाशी जर्मनमध्ये भांडतेय. आता दार उघडेल. फॉर्ममध्ये अजून ‘स्थानिक संस्था’च आहे. उद्या बाराच्या आत ते बदलायचं, ‘माझी सूचना होती’ असं शेफिनला समोर उभं राहून सांगायचं, हे मला जमेल की नाही, खरंच माहीत नाही. आजवर असं कधी कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून आधी तुला सांगून बघितलं.