पलंगपोसावरचा डाग गेला

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात की अजून रुसलेलेच आहेत? दाजींचा खोकला कसा आहे? (त्यांना सांग, पंख्याखाली झोपून औषध घेतलं तर औषधाने तरी काय करावं.) देवाच्या कृपेने इकडे सगळं ठीक आहे. मी तर नुसता ठीक नाही, विजयी आहे, आणि हा विजय सांगायला मला तुझ्याशिवाय कुणी नाही. दुकानात सांगण्यासारखा तो नव्हे.

तुझी भावजय माहेरी गेली आहे. निघताना तिने मला एकच गोष्ट बजावली होती, की पलंगावर बसून नखं कापायची नाहीत. ही ताकीद मला लग्नापासून आहे. पलंगावर तिच्या आईच्या हातचा क्रोशाचा पांढरा पलंगपोस असतो. सासूबाईंनी तो डोळे अधू होत असताना विणला आणि तो पुरा झाल्यावर काही दिवसांतच त्या गेल्या. त्याला तुझी भावजय अशी जपते की मी त्याच्यावर बसतो तेही परवानगी घेतल्यासारखा. आता माणूस एकटा असला की त्याला स्वातंत्र्याचे झटके येतात. मी पलंगावर बसलो, जुनं ब्लेड घेतलं आणि पायाच्या अंगठ्याला हात घातला. ताई, इतकी वर्षं मी दुकानात काच कापतो आहे, माणसाएवढ्या काचा उचलतो, पण हाताला कधी ओरखडा नाही. आणि एका नखाने माझी ही गत केली! अंगठ्याला फडकं गुंडाळेपर्यंत पलंगपोसावर तळहाताएवढा लाल डाग पडला होता. माणसाला गर्व कुठे होतो हे देव बरोबर हेरून ठेवतो.

मग डोकं चालवलं. गावच्या शाळेत आपल्याला शिकवलं होतं की उष्णतेने पदार्थ वितळतात. तेवढं एकच विज्ञान माझ्या पक्कं लक्षात आहे. म्हणून चांगलं उकळतं पाणी केलं आणि डागाच्या एका कडेवर ओतलं. कड वितळली नाही. तपकिरी झाली आणि भाजून काढल्यासारखी धाग्यात बसली. मी देवाचं नाव घेतलं आणि तेव्हा आई आठवली. आपण गुडघे फोडून घरी यायचो तेव्हा ती आधी कपडे गार पाण्यात टाकायची, त्यात मूठभर मीठ घालायची आणि मग आपल्याकडे बघायची. (तुला तेव्हा राग यायचा, की हिला पोरीपेक्षा परकर प्यारा. आज मला त्यातलं शहाणपण कळलं. गुडघा आपला आपण भरून येतो.)

बादलीत गार मिठाचं पाणी केलं, डाग बुडवला, पाणी लाल झालं की बदललं. लाली गेली. साबण चोळला, पिवळेपणाही गेला. राहिली ती माझ्या विज्ञानाची तपकिरी कड. त्यावर जखम धुवायचं ते फेसाळणारं औषध थेंबाथेंबाने घातलं. ते असं फसफसलं, जणू डाग आतून कबुली देतो आहे! शेवटी चार ठिपके उरले. शिवणकाम करणाऱ्या बायका म्हणतात की ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लावावी, एकाच देहातल्या गोष्टी एकमेकींना ओळखतात. मला हे पटलं. मी खिडकीशी उजेडात बसून थुंकू लागलो. तोंड कोरडं पडलं की लिंबू आठवायचं आणि पुन्हा थुंकायचं. मान वर केली तर समोरच्या खिडकीत बाई उभ्या. (त्या शाळेत शिकवायच्या, निवृत्त झाल्या तरी सगळी गल्ली त्यांना बाईच म्हणते.)

"काय हो, बायकोशी भांडण झालंय का?"

"नाही हो बाई."

"मग तिच्या आईच्या पलंगपोसावर का थुंकताय?"

मी नमस्कार केला आणि पडदा ओढला. पण ताई, डाग गेला! समूळ गेला! फक्त डागाची जागा बाकीच्या पलंगपोसापेक्षा पांढरी झाली. म्हणून सगळा पलंगपोस धुतला. मग त्याच्यापुढे उशांचे अभ्रे मळके दिसले, ते धुतले. मग पडदे. आता घर असं झळकतं आहे की मला माझ्याच घरात पाय पुसून शिरावंसं वाटतं. आज संध्याकाळी ती येईल आणि तिला काही म्हणजे काही कळणार नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं आणि काल संध्याकाळी ती आली. दारातूनच घर पाहून म्हणाली, "कोण आलं होतं?" मी पडदा सारखा करू लागलो. म्हणाली, "ताई आल्या होत्या ना?" मी मान हलवली. (मान हलवणं हे खोटं बोलणं नव्हे, असं मी देवाला कालपासून समजावतो आहे. तो ऐकून घेतो, बोलत काही नाही.) आता ती फुगली आहे, की मी नसताना येऊन नणंदेने माझे पडदे धुतले, म्हणजे माझं घर त्यांना घाण वाटतं! तेव्हा कृपा करून रविवारी ये, माझा एखादा रुमाल धू आणि "आले होते, धुतलं" असं म्हण. मग तेवढं तरी खरं होईल.

ता. क. दुसरा. येऊ नकोस. बाईंनी तिला थुंकण्याचं सांगितलं. मी सगळं कबूल केलं. ती बराच वेळ पलंगपोस उलटापालटा करून पाहत राहिली. वाटलं, आता आईची आठवण काढून रडणार. पण हळूच म्हणाली, "मीठ किती घातलंत?" ताई, तू भरतकाम करून दिलेला तो उशीचा अभ्रा आहे ना, तू आलीस की ती ज्याची एकच बाजू वर ठेवते? त्याच्या दुसऱ्या बाजूला तिच्या कापलेल्या बोटाचा जुना डाग आहे. सध्या तो अभ्रा बादलीत आहे. डाग तिचा, म्हणून थुंकी तिची आणि लिंबाची आठवण करून द्यायला मी. आम्ही दोघं खिडकीशी बसलो होतो, तेव्हा समोरून बाईंनी विचारलं, "आता नणंदेशी भांडण झालं वाटतं?" तुझ्या कानावर आलं तर मनात काही आणू नकोस.