कारणाचा रकाना

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. पूर्ण वाकायला डॉक्टरांनी अजून चार दिवस मनाई केली आहे). तुमचा गुडघा कसा आहे? मामी फोनवर सांगत होती, हल्ली तुम्ही पाणीसुद्धा मोजून पिता. या वयात तहानेशी कसलं वैर धरलंत?

तुमचं पत्र मिळालं. विमा आजारासाठी असतो, हौसेसाठी नव्हे, आणि कंपनी एकच म्हणून भाच्याच्या सुंतेचा भार तुमच्या हप्त्यावर का, हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो. मामा, हौस? नवा सदरा शिवणं ही हौस. मी वर्षभर लघवीला गेलो की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. कातडी आवळलेली, तीनदा सूज येऊन पू झालेला, आणि मी लाजेनं मलमावर मलम चोपडतोय. अवघड जागी दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, तसं माझं. आपले डॉक्टर म्हणजे माझंच गिऱ्हाईक. त्यांचे पांढरे कोट मीच शिवतो, त्यांच्या पोटाचा खरा घेर जगात फक्त मला ठाऊक (आता आम्ही दोघंही एकमेकांबद्दल गप्प बसतो).

ऑपरेशन अर्ध्या तासात उरकलं. घोळ झाला तो पुढे. विम्याच्या फॉर्मवर ‘शस्त्रक्रियेचे कारण’ असा रकाना होता. तो डॉक्टरांनी भरायचा, पण मी पडलो शिंपी. तीस वर्षं गिऱ्हाइकांच्या पावत्या लिहितोय, हात थांबतो होय? सवयीनं लिहून गेलो : ‘फार घट्ट होत होतं. अल्टर करून मोकळं केलं. फिटिंग उत्तम.’ चौथ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, सदर काम हौसेचे, सबब दावा नामंजूर.

तावातावानं गेलो भांडायला. खिडकीतल्या बाईंनी माझा फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला (ओठ घट्ट मिटून, हे कबूल केलं पाहिजे). मग शांतपणे समजावलं. सुंता कुणी श्रद्धेनं करतं, कुणी आवडीनं, कुणी दुखतं म्हणून. कात्री तीच, कारणं वेगळी, आणि त्यांचा नियम फक्त दुखणाऱ्याला पैसे देतो. मी म्हटलं, श्रद्धेवाल्यालाही द्या की, ज्याचं त्याला ते गरजेचंच वाटतं. यावर आमचा बराच वेळ वाद रंगला. माझं मत, द्यावं. त्यांचं मत, तुमच्या मागे रांग आहे. शेवटी त्यांनी नवा फॉर्म दिला आणि दम भरला, या रकान्याला तुम्ही हात लावायचा नाही. डॉक्टरांनी चार ओळी खरडल्या आणि काल दावा मंजूर झाला!

पण खरं सांगू मामा, मंजुरीहून मोठा आनंद वेगळाच आहे. सकाळी मी बाथरूममधून शीळ घालत बाहेर येतो. बायको म्हणते, लग्नातसुद्धा तुमचं तोंड एवढं हसरं नव्हतं. एवढ्याशा गोष्टीसाठी वर्षभर कुढलो, याचा आता राग येतो.

घरी सर्वांना नमस्कार व आशीर्वाद, ज्याला जे लागू असेल ते.

तुमचा
‘हौशी’ भाचा

ता. क. सोबत एक ढगळ पायजमा पाठवतोय. माझ्यासाठी शिवला तोच बेत, मापं तुमची.

आणखी ता. क. पायजमा का, ते सांगतो. मामी पाण्यावर थांबली नाही. बाथरूममध्ये तुम्ही नळ मोठा सोडून बसता, म्हणे, आणि भिंत धरून बाहेर येता. मामा, नळाची युक्ती माझीही होती. त्या आवाजात कण्हलेलं ऐकू येत नाही, असं फक्त आतल्या माणसाला वाटतं. तुम्हाला साखरेचा त्रास, त्यात हे दुखणं लवकर चिघळतं. अंगावर काढू नका, मला भीती वाटते. शनिवारी आपल्या डॉक्टरांची अकराची वेळ घेतली आहे, मी न्यायला येतो. तुमची माझी कंपनी एकच, म्हणून फॉर्मही जोडलाय. सही तेवढी करा. कारणाचा रकाना कोरा ठेवा, तो डॉक्टर भरतील. आणि तुमचा भार माझ्या हप्त्यावर पडणार असेल, तर पडू दे की!