गणाचा ट्रॅक

४ जाने.
तात्यांच्या घशातली गाठ काढायची ठरली. २०ला, रत्नागिरीत. आवाज राहील का, तर डॉक्टर म्हणे "बघू". माझ्या या चुलत्यांच्या गळ्यावर दर गणपतीत गावची जाकडी इतकी वर्षं नाचली आणि धड एक रेकॉर्डिंग नाही! मोबाइलवर आहेत त्यांत शिट्ट्याच जास्त. लॅपटॉपवर तीन सॉफ्टवेअर उतरवली. नावं कोण लिहीत बसतो. निळं, करडं आणि फुकट.

६ जाने.
शेजारचे नझीरचाचा मस्कतहून सुट्टीवर आलेत. माइक मागायला गेले, तर स्टँड, हेडफोन, वर तात्यांना खजूर. "परत द्यायची घाई नको गं." किती आभार मानू या माणसाचे.
रेकॉर्डिंगला भाताच्या पोत्यांची खोली नक्की. आवाज जराही घुमत नाही.

७ जाने.
निळं. दिसायला देखणं, पण कानात सारखी टिकटिक, आणि ती बंद कुठून करायची ते मला सापडेना. जाकडीची चाल शेवटाकडे चढत जाते, बबनदादाचा मृदंग थोडाच टिकटिकीला ऐकतोय! तात्यांनी हेडफोन काढून ठेवले. "मी क्याला हिच्या मागनं जाऊ? हिला सांग, माज्या मागनं ये."
निळं बाद.

१२ जाने.
आज बैठक. आधी करडं लावलं. "तात्या, एकच ओळ म्हणा, माइक बघते." कसली एक ओळ! गण, म्हणजे जाकडीआधीची गणपतीची आळवणी, अर्ध्यावर सोडायचा नसतो म्हणे. डोळे मिटून अख्खा म्हणाले. असा आवाज मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. बबनदादा मृदंग वाजवायचंच विसरला.
बंद करताना कळलं, करड्याच्या ट्रायलमध्ये सेव्ह होतच नाही. तशी सूचना आधी आली असणार, मीच न वाचता ओके दाबलं. मूर्ख.
फुकटवर आले. कळकट दिसतं, पण टिकटिक नाही आणि आपोआप सेव्ह करतं. हेच घ्यायचं. गण पुन्हा म्हणा म्हटलं तर, "सकाळी झाला की. एका बैठकीत दोनदा नाय." गेला हे सांगायची हिंमत झाली नाही. शेवटी पुन्हा विनवू, असं मनाशी म्हटलं. नऊ गाणी झाली नि तात्यांचा घसा बसला. आता ऑपरेशनपर्यंत गाणं बंद, काकूंनी बजावलं.
नऊ तर नऊ. देवा, तुझे उपकार.

२० जाने.
ऑपरेशन नीट झालं. काकू रडल्या, मग चहा मागितला. महिनाभर बोलायचं नाही, पुढे बघू.

२५ जाने.
तात्या घरी. हेडफोन लावून नऊच्या नऊ ऐकली, बोटांनी ताल धरून. मग पाटी ओढली आणि लिहिलं: गण?
सगळं सांगितलं. मला वाटलं, आता पाटी डोक्यात घालतात. तर आवाज न करता हसले, पोट हलेपर्यंत. लिहिलं, "देवाला पोचला." पुसलं. पुन्हा लिहिलं, "लोकांसाठी तू म्हण."
मी! शाळेच्या प्रार्थनेतसुद्धा नुसते ओठ हलवणारी.

२७ जाने.
फुकटमध्ये सगळ्यांत वर नवा ट्रॅक घेतला. नाव दिलं: गण. बबनदादा मृदंग घेऊन पोत्यावर बसलाय. तात्या समोर, पाटी मांडीवर. पाटीवर पहिली ओळ लिहून दिलीय, जणू मला येतच नाही.
ओळ येते. सूर कुठून आणू?
तात्यांनी मांडीवर ताल धरलाय. माझ्यासाठी हळू.