हात खाली ठेवण्याबद्दल

मु. निलंगा, जिल्हा लातूर
(उस्मानाबाद नव्हे. जिल्हा नवा होऊनही तुमची पत्रं अजून जुन्या जिल्ह्याला वळसा घालून येतात.)

रा. रा. रेवणप्पा अण्णांना, तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे सिद्धलिंगचा, उजव्या हाताने शरणार्थ. डावा सध्या रजेवर आहे. वहिनींची कंबर, तुमची देवणी बैलजोडी आणि विहिरीचं पाणी, तिन्ही ठीक असतील अशी आशा. आमच्याकडे जिल्हा नवा आला, पाऊस काही आला नाही.

खांद्याचं तुम्ही ऐकलं असेल, पण चुकीचं ऐकलं असेल. मी पडलो नाही. विहीर तळाला गेल्यामुळे पोहऱ्याच्या दोराला दुसरा दोर जोडून लांब केलाय. भरला पोहरा वर येता येता मला ठसका लागला आणि दोर निसटला. सुकाळात कुणीही जाऊ दिला असता. मी डाव्या हाताने झडप घालून धरला. (अर्धी घागर पाणी होतं, अण्णा!) पाणी वाचलं, खांद्यात कट्‌कन वाजलं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, मांसाला हाडाशी बांधणारी कंडरा, म्हणजे आपली वादीच म्हणा, हाडावरून उपटून आली आहे.

ऑपरेशनात त्यांनी हाड खरवडून ताजं केलं, त्याला बारीक भोकं पाडली आणि वादी दोऱ्याने आवळून बांधली. मला वाटलं, झालं काम. तर म्हणाले, "मी फक्त बांधलंय. जोडणार तुमचं शरीर." मी थक्क झालो. आंब्याचं कलम बांधतात तसंच हे! खरवडलेल्या हाडातून रक्त येतं, आधी कच्चा जोड धरतो, मग वादीचे धागे हळूहळू हाडात शिरतात आणि कित्येक महिन्यांनी पक्के होतात. मी दुकानात बसून गुळावरच्या माश्या हाकतो, आणि आत मला न विचारता एवढं नाजूक काम चाललेलं असतं! फसवणूक एकच: दुखणं आधी थांबतं, जोड मागाहून पिकतो. बरं वाटलं म्हणून हात उचलला, की दोरा वादी कापून सुटायचा, आणि दुसऱ्यांदा बांधायला चांगली वादी उरेलच असं नाही.

आणि मी उचलला. सकाळी पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि लहानपणापासूनच्या सवयीने हात आपोआप डोळ्यांकडे चढायला लागला. शिवकांताने धावत येऊन कोपर धरलं. मी रडकुंडीला आलो. लिंग नजरेसमोर येणार नसेल तर पूजा कसली? ती म्हणाली, "हात वर येत न्हाई तर मान खाली घ्या की!" तेव्हापासून तळहात मांडीवर आणि मी वाकलेला. खरं सांगतो, इतकी नम्र पूजा माझ्याकडून जन्मात झाली नव्हती. पूजा आटोपली की ती माझी डावी बाही गोधडीच्या दोऱ्याने सदऱ्याला शिवून टाकते. डॉक्टरांचं कौतुक मी गावभर करतो, पण वादी राखली ती तुमच्या बहिणीने. मला तिचा फार अभिमान वाटतो.

आपला,
सिद्धलिंग

ता. क. परवा वरच्या फळीवरचा डबा काढायला हात पुन्हा निघाला होता. (बाहीच उसवली, बाकी काही नाही.) तेव्हा तिने बजावलंय, आता एकदा जरी उचललात तर पंचमीला अण्णासोबत जाईन ती दिवाळीलाच येईन. अण्णा, या पंचमीला न्यायला येऊ नका. पाणी नाही म्हणून कळवा. लेकीचं माहेर तोडल्याबद्दल गाव मला नावं ठेवील, ठेवू दे. ती नसली तर हा हात मला आवरणार नाही, याची भीती वाटते. मी लिहिलं हे तिला सांगू नका.

आणखी ता. क. अण्णा, मी शिवकांता. एका हातानं पाकीट चिकटंना, म्हणून माझ्याकडंच दिलं. पंचमीला मी येत न्हाई, हे कधीच ठरवलंय. झोका पुढच्या साली बी हाय. पर तू "न्यायला येतोच" म्हणून कळव, आन् येऊ नको. त्याच भ्यानं हात खाली हाय.